आतून ताठ असलेलं झाड

काईंगारोआच्या जंगलातले उंच, सरळ, जाड पाइन हेरायचे आणि पुढच्या लागवडीसाठी त्यांचं बी धरायचं, हे आमचं काम. हिनेवाई परोने नावाची नवी संशोधक आली आणि तिनं विचारलं, "पण यांच्या आत काय आहे, ते कुणी बघितलंय का?"

मग ती बुंध्यांना बारीक भोकं पाडून पेन्सिलीएवढे लाकडाचे तुकडे काढत सुटली. बाहेरून जुळी वाटणारी झाडं आतून भलतीच वेगळी निघाली. काही घट्ट, काही पार भुसभुशीत. टेकडीवरचं एक झाड शेजाऱ्यांपेक्षा बारीक होतं, पण हातोडा मारला की आवाज त्याच्यातून सगळ्यांत वेगानं वर जायचा. म्हणजे लाकूड ताठ.

आमचे साहेब सेल्विन हसले. "हे? याच्यापेक्षा माझं टक्कल भराभर वाढतंय!"

हिनेवाई म्हणाली, "वाढू दे हळू. त्याची फळी तर वाकणार नाही ना?"

त्यांनी झाड बाद केलं. टेकडीवरची झाडं तोडायची ठरली, तेव्हा हिनेवाई दोर बांधून त्याच्या शेंड्यापर्यंत चढली. खाली दोर धरून माझे हात सोलले. वरून आणलेल्या काड्यांची कलमं तिनं मुरुपारा गावात तिच्या आईच्या घरामागे लावली.

आई म्हणाली, "माझ्या रताळ्यांवर सावली पडली, तर तुलाच उपटीन!"

कलमं मोठी झाल्यावर हिनेवाईनं त्यांचा भरभर वाढणाऱ्या झाडांशी संकर केला. सेल्विननी वैतागून चाचणीच्या रानातला एक कोपरा दिला. "घे, पण माझं डोकं खाऊ नकोस."

ती झाडं तोडणीला आली, तोवर आमचे केस पिकले होते. सेल्विन निवृत्त झाले होते, तरी त्या दिवशी गिरणीत आलेच. नेहमीच्या निवडीतल्या फळ्या दाबयंत्राखाली कमानीसारख्या वाकल्या, एक तर कडाडून मोडली. मग हिनेवाईची फळी आली. दाबाचा काटा आधीची फळी मोडली होती त्या खुणेपाशी पोचला, खूण ओलांडून पुढे गेला. फळी जेमतेम लवली.

"अजून दाब!" सेल्विनच ओरडले.

फळी टिकली. गिरणीतली माणसं शिट्ट्या मारायला लागली. म्हाताऱ्या सेल्विननी सगळ्यांदेखत, मान देण्याच्या इथल्या रीतीप्रमाणे, हिनेवाईच्या कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक टेकवलं. "बाई, मी चुकलो."

"उशिरा का होईना, कळलं!" ती हसता हसता रडत होती.

पुढच्या वसंतात, तिच्या झाडांचं बी धरण्यासाठी केलेल्या नव्या बीजबागेतलं पहिलं कलम तिनं आईच्या हातून लावून घेतलं.