अजून बसलीय

खाडीपलीकडे स्प्रूसच्या उंच झाडाच्या शेंड्याला समुद्रगरुडांचं घरटं आहे. अकरा वर्षं मी ते दुर्बिणीतून, लांबूनच राखलं. ‘यापुढे जाऊ नये. पक्षी उठतात. गुन्हा आहे,’ ही तिथली पाटी माझ्याच हातची. पाटी ओलांडणाऱ्या पाहुण्यांना मी असा झाडायचो, की माझी बायको इशबेल म्हणायची, "अरे टॉर्किल, माणसं आहेत ती, मेंढ्या नाहीत."

मादी म्हातारी झाली होती. तीन वर्षं तिची अंडी वाया गेली होती. यंदा नाही तर कधीच नाही, हे मला कळत होतं आणि बेटावरच्या सगळ्यांनाही. दुकानाच्या दारातल्या फळ्यावर मी रोज खडूने घरट्याची बातमी लिहायचो. मार्चच्या मध्यापासून तिथे एकच शब्द होता, ‘बसलीय.’ लोक आधी फळा वाचायचे, मग पाव घ्यायला आत जायचे.

सत्तराव्या वाढदिवसाला मुलीने ग्लासगोहून ड्रोन धाडला, तळहाताएवढा. गुडघ्यांमुळे टेकडी चढवत नाही, तर बाबाने दारात बसून समुद्र बघावा. शेजारच्या लॅकीने तो उलटासुलटा करून पाहिला.

"म्हातारपणी खेळणं! माझ्या मेंढ्या वळायला देतोस का?"

"त्यांना तुझं तोंड पुरेसं आहे," मी म्हटलं.

घरट्याकडे न्यायचा नाही, असं मी इशबेलला कबूल केलं होतं. पण उबवणीचा अडतिसावा दिवस उजाडला. अंडी फुटायची तर आताच. दुर्बिणीतून दिसायची ती फक्त मादीची पाठ. आत काय चाललंय ते कळेना, आणि कळल्याशिवाय घास उतरेना.

परका माणूस असता तर त्याने कधीही उडवला असता. मी मात्र वेळ निवडली. सकाळी नऊच्या सुमाराला नर मासा घेऊन येतो, मादी उठते आणि तिच्या जागी तो बसतो. त्या अदलाबदलीत अंडी क्षणभर उघडी पडतात. ती आपणहून उठलेली असताना वरून एक फोटो घ्यायचा, म्हणजे पक्ष्याला उठवल्याचं पाप नको. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ते काही उगीच म्हणत नाहीत.

मादी उठली. मी ड्रोन वर नेला. पडद्यावर दोन अंडी दिसली. एकाला भोक पडलं होतं आणि भोकात इवलीशी चोच हलत होती. मी आनंदाने इशबेलला हाका मारल्या. तीन वर्षांनी! माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मग पडद्यावर पंखच पंख दिसले. एवढी वर्षं पाहून मला हे सुचलं नव्हतं, की अदलाबदलीच्या वेळी एक उठलेली असते आणि दुसरा अजून बसलेला नसतो. एरवी एकाने तरी अंडी सोडली नसती. आता दोघेही ड्रोनवर धावले. मी तो खाडीकडे पळवला, तर दोघेही त्याच्या मागे. तो पाण्यात पडला तरी ते वर घिरट्या घालत राहिले. तेवढ्यात गारांचा पाऊस सुरू झाला. मी पायरीवर भिजत ओरडत होतो, "जा गं, परत जा! जा की!" ती घरट्यावर उतरली तेव्हा अंडी उघडी पडून चाळीस मिनिटं झाली होती.

इशबेल दारात उभी होती. "जिवंत असेल ना रे?"

"बघू," मी म्हटलं.

पिल्लू असलं की मादी माशाचे बारीक तुकडे करून त्याला भरवते. पाच आठवडे मी तेवढं एक दिसायची वाट पाहिली. नर मासा आणायचा. ती चार घास स्वतः खायची, चोचीने अंडी वळवायची आणि पुन्हा बसायची. फळ्यावर मी रोज ‘बसलीय’ लिहीत राहिलो. खोटं नव्हतंच ते. "यंदा भलतीच चिकाटी धरलीय बाईने," लॅकी म्हणायचा, आणि मी मान डोलवायचो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मला माझीच किळस यायची.

काल लॅकी आला. ओहोटीला शेवाळात सापडलेला ड्रोन त्याने पायरीवर ठेवला. मी त्याच्या टोमण्याची वाट पाहिली. चार शिव्या घातल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

"तुझा आहे," एवढंच म्हणाला आणि गेला.

आज सकाळी मी दुकानात गेलो, फळा पुसला आणि लिहिलं, ‘पिल्लू अंड्यातच मेलं. ड्रोन माझा होता. टॉर्किल.’ पाव घ्यायला आलेल्या बायकांनी वाचलं. बाजूला सरून त्यांनी मला जायला वाट करून दिली.

घरी येऊन दुर्बीण लावली. ती अजून बसलीय. नर मासा घेऊन आला, ती उठली, तिने दोन्ही अंडी हळूच वळवली आणि पंख पसरून पुन्हा बसली. गावाला मी सांगितलं. तिला कसं सांगू?