माझी खिट्टी तिच्या अंगात

मी एक विंच बोलतोय. हातानं फिरवायचा, बोट पाण्याबाहेर ओढून काढणारा. ऑकलंडपासून लांब, ओपोटिकी गावाच्या खाडीकाठी, म्हाताऱ्या वीरेमुंच्या शेडमध्ये चाळीस वर्षं खांबाला आवळलेला आहे. शिकलेला नाही, तेव्हा सावकाश सांगतो.

माझं काम साधं. हँडल फिरवलं की दोर गुंडाळतो आणि दातेरी चाकावर खिट्टी, म्हणजे चाक उलटं फिरू न देणारा लोखंडी अडसर, पडते. टक्, टक्. दम खायला हात सोडला तरी बोट माघारी जात नाही. वीरेमु तर मला अर्ध्यात सोडून चहा पिऊन यायचे. एवढा भरवसा.

मग त्यांची नात मेरेआना शाळेतल्या दोन मैत्रिणींना घेऊन शेडमध्ये आली, स्पर्धेचा रोबोट बनवायला. खेळाच्या शेवटी रोबोटनं स्वतःला उचलून दांडीला लटकायचं. भोंगा झाला की वीज बंद, तरी लटकून राहायचं. मेरेआनाचं शाळेचं शेवटचं वर्ष, म्हणजे शेवटचीच संधी.

उचलायचं काम एका लिफ्टचं. एकीतून एक सरकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या तीन पट्ट्या आणि मोटर. तिचे लाड काय सांगू. आधी पुठ्ठ्याची केली, मग लाकडाची, मग पुन्हा कागदावर. मऊ फडक्यानं पुसायच्या तिला. माझ्या हँडलवर जॅकेटं टांगायच्या. मी जळत होतो, खोटं कशाला बोलू? ती पडावी असंही मनात यायचं.

आणि ती पडली. स्पर्धेला तीन दिवस असताना. झोकात वर गेली, वीज बंद केली की धपकन खाली. मोटर बदलली, दोर बदलला, तरी तेच. मला बरं वाटलं. मग मेरेआना माझ्या खांबाला टेकून खाली बसली, आणि तेवढं बरं वाटेना.

वीरेमु तळलेल्या पावाची थाळी घेऊन आले.

"वर जाते, कोरो. थांबत नाही." आजोबांना मेरेआना कोरो म्हणते.

"धरतं कोण तिला?"

"मोटर."

"आणि मोटर झोपली की?"

वीरेमुंनी थाळी माझ्या शेजारी ठेवली.

"एवढीशी होतीस तेव्हापासून बोट ओढतेस. हात सोडलास तरी थांबायची. कोण धरायचं, तुझा कोरो? तो तर चहाला गेलेला असायचा."

खाडीकाठच्याच पोरी या. मी कायम धरून ठेवलं, म्हणून कुणीतरी धरावं लागतं हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मेरेआना उठली, माझी खिट्टी बोटानं उचलून सोडली. टक्. मग वीरेमुंकडं बघत राहिली. त्यांनी पाना आणला आणि चाक, खिट्टी दोन्ही काढून तिच्या हातात दिली.

"आणि तुमची बोट, कोरो?"

"लोळेल चिखलात. म्हातारी झालीय, तिला कुठं जायचंय?"

माझी खिट्टी लिफ्टला बसली, आणि ऑकलंडच्या स्पर्धेत वीज गेल्यावरही रोबोट लटकून राहिला. शेडमध्ये फोटो लावलाय. लिफ्ट झळकतेय. माझी खिट्टी मेरेआनाच्या कोपराआड गेलीय, दिसत नाही. टाळ्या लिफ्टला पडल्या म्हणे. रोबोट आता शाळेत काचेच्या कपाटात आहे, आणि बोट शेजाऱ्याचा ट्रॅक्टर ओढतो. त्याचाही हेवा वाटतो मला.

मेरेआना, लिफ्टचे लाड कर, माझं काही म्हणणं नाही. फक्त तेल घालशील तेव्हा आधी खिट्टीला घाल. चाळीस वर्षं खारी हवा खाल्लीय तिनं.

वीरेमु अजून सवयीनं येतात, हँडल दोन वेळा फिरवतात. आवाज येत नाही. मग तेच जिभेनं करतात, टक्.