फिलोमेनची साक्ष

मुलगा सेराफीनला फौजेच्या छावणीत पोचवून आल्याच्या दुसऱ्या दिवशी फिलोमेन तडक थिओबाल्डच्या दारूच्या गुत्त्यात गेली. पन्नाशी उलटलेली ही गावची सुईण एरवी तिथे पाऊल ठेवत नसे. पण गावात वर्तमानपत्र येई ते तिथेच.

"थिओबाल्ड, मला नीट सांग. राजपुत्राला मारलं कुणी?"

"एका सर्ब पोरानं."

"आणि राजपुत्र कुणाचा?"

"ऑस्ट्रियाचा. म्हणून ऑस्ट्रिया सर्बियावर धावून गेला, सर्बियासाठी रशिया उठला, ऑस्ट्रियासाठी आपला जर्मन बादशहा, कैसर, उठला. आणि रशियाचा दोस्त फ्रान्स, म्हणून आता फ्रान्सशीही जुंपली."

"म्हणजे सर्बानं ऑस्ट्रियाच्या माणसाला मारलं, म्हणून माझा सेराफीन फ्रेंचांवर गोळ्या झाडणार? माझा भाऊ सीमेपलीकडे फ्रान्समध्ये, बेलफोरला राहतो रे! त्याचे दोन्ही मुलगे फ्रेंच फौजेत आहेत."

थिओबाल्डने पेपर उलटा करून पाहिला. "यात तेवढं लिहिलेलं नाही," तो म्हणाला.

चारच दिवसांत जर्मन शिपाई गाव सोडून निघून गेले आणि दुपारी लाल विजारी घातलेले फ्रेंच आले. लोक रस्त्यावर धावले. थिओबाल्डने पिंप फोडून फुकट वाइन वाटली. फिलोमेन दहा वर्षांची होईपर्यंत हा मुलूख फ्रान्सचा होता; मग लढाई जिंकून जर्मनीने तो घेतला. शाळेत शिकलेलं गाणं त्या शिपायांच्या तोंडून ऐकलं आणि तिला रडू कोसळलं. कशाचं, ते तिलाही कळेना.

गावात फ्रेंच बोलणारी मोजकीच म्हातारी माणसं. अधिकाऱ्याने तिलाच पुढे बोलावलं. "मावशी, जर्मन कोणत्या रस्त्याने गेले?"

तिने स्वतःच्या डोळ्यांनी त्यांना गिरणीच्या वाटेने जाताना पाहिलं होतं. सांगावं तर तिकडे सेराफीन असेल. न सांगावं तर उद्या भावाची पोरं त्याच वाटेवर बेसावध सापडतील.

"मला तेवढं फ्रेंच येत नाही," ती शेवटी म्हणाली. येत होतं.

तीन दिवसांनी फ्रेंच मागे हटले आणि जर्मन परतले. त्याच संध्याकाळी दोन शिपाई फिलोमेनला शाळेत घेऊन गेले. टेबलामागे एक तरुण कप्तान बसला होता, डोळे तांबारलेले.

"फ्रेंचांना काय सांगितलंस?"

"काही नाही, साहेब. माझा मुलगा तुमच्याच फौजेत आहे."

"मग ते आले तेव्हा रडलीस का?"

"ते मलाही ठाऊक नाही."

"तू जर्मन की फ्रेंच?"

"जन्मले तेव्हा फ्रेंच होते. दहाव्या वर्षी जर्मन झाले. या आठवड्यात काय काय झाले, ते तुम्हीच सांगा."

कप्तान हसला नाही. "त्या दिवशी रस्त्यावर कोण कोण होतं?"

"सगळं गाव होतं. थिओबाल्ड वाइन वाटत होता, पोरं नाचत होती..."

कप्तानाने नाव लिहून घेतलं. टाक कागदावर कुरकुरला तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो. "अहो, तो सगळ्यांनाच पाजतो! तुमच्या शिपायांनाही पाजतो!" पण तोवर तिला बाहेर काढलं होतं.

सकाळी थिओबाल्डला कैद करून ऱ्हाइन नदीपलीकडे नेलं. कुठे, किती दिवस, कुणी सांगेना.

आठवडाभर फिलोमेन त्या गल्लीत फिरकली नाही. मग एका सकाळी उठून गेली. थिओबाल्डची बायको अपोलिन गुत्त्यात एकटीच पेले पुसत होती.

"अपोलिन, त्याचं नाव मी घेतलं. मुद्दाम नाही गं, बोलता बोलता निघून गेलं. पण घेतलं मीच."

अपोलिन पुसत राहिली. पेला केव्हाच कोरडा झाला होता.

"मला मार, शिव्या दे. पण काहीतरी बोल."

"काय बोलू?" अपोलिन म्हणाली. "जर्मन परतले त्या संध्याकाळी दारात त्यांचे शिपाई आले. विचारलं, इथे फ्रेंच कुणाला येतं? मला वाटलं, त्यांना चिठ्ठी-बिठ्ठी वाचायची असेल. मी म्हटलं, आमच्या फिलोमेनला येतं, चांगलं येतं."

फिलोमेनला राग यायला हवा होता. तो आला, पण अपोलिनवर धरावा की स्वतःवर, हे ठरेना, आणि तो तसाच विरून गेला. ती बाकावर बसली.

तेवढ्यात खिडक्या थरथरल्या. म्युलूझ शहराच्या बाजूने तोफा पुन्हा सुरू झाल्या होत्या.

"आता कोण येतंय गं?" अपोलिनने विचारलं.

"काय ठाऊक! कुणी का येईना. पिंपं किती उरलीत?"

"तीन."

"चल, तळघरात उतरवू. या खेपेला कुणाला थेंब द्यायचा नाही."

फिलोमेनने बाह्या वर सारल्या. दोघींनी पहिलं पिंप आडवं केलं आणि ते जिन्याकडे ढकलायला सुरुवात केली.