बेकसूर बोकड

इद्रीसभाईंच्या लूमचा खडखडाट पार पलीकडच्या मोहल्ल्यात ऐकू जायचा, पण घरात बायकोपुढे, सईदापुढे त्यांचा आवाज निघत नसे. रक्ताच्या रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं आणि सईदाने मटण, कलेजी, तूप सगळ्यांना घराबाहेरचा रस्ता दाखवला. त्यांच्या जागी तीळ आले, शेंगदाणे आले, जवस आलं. रोज सकाळी ती स्वतः पाट्यावर चटणी वाटायची आणि वरून कच्चं तेल ओतायची. "झाडापाल्याचा हाय, दिलाला थंडावा देतो," म्हणायची.

इद्रीसभाई निमूट खायचे. बकरी ईदला कुर्बानीचे तीन हिस्से केले, दोन वाटले आणि घरच्या तिसऱ्याचा नुसता वास घेऊन उठले. तरी मेला रिपोर्ट वरच! भरीला कोपरांवर पिवळ्या गाठी आल्या.

"भायेर खाता तुमी," सईदा म्हणाली.

"अल्लाची शप्पत, न्हाय खाल्ला!"

"मंग काय रिपोर्ट झूट बोलतो?"

मटण गेल्याचं दुःख त्यांनी गिळलं असतं. पण इतक्या वर्षांच्या संसारानंतर बायकोचा आपल्या शपथेवर भरवसा नाही, हे त्यांना फार झोंबलं. त्यांच्या सदऱ्याचा वास घेतल्याशिवाय ती आता ताट वाढत नव्हती.

गाठी पाहून डॉक्टर सुकन्याबाईंना शंका आली. त्यांनी रक्त वेगळ्या तपासणीसाठी मुंबईला पाठवलं आणि निकाल आल्यावर इद्रीसभाईंना बोलावलं.

"आपलं लिव्हर कोलेस्टेरॉलला घरचं माणूस समजतं," त्या म्हणाल्या. "थोडं साठवतं, थोडं रक्तात धाडतं, थोड्याचं पित्त बनवतं. तेलबियांमध्ये त्याचाच एक चुलतभाऊ असतो, स्टेरॉल. त्याचा लिव्हरला काही उपयोग नाही. बहुतेक तर आतड्यातूनच माघारी जातो. चुकून आत शिरला, तर लिव्हर त्याला पित्तातून बाहेर घालवतं. तुमच्यात हे घालवणारं यंत्रच जन्मापासून बिघडलंय. मग तो रक्तात साचत राहिला, आणि साध्या तपासणीने त्यालाही कोलेस्टेरॉल म्हणून मोजलं."

इद्रीसभाई खुर्चीतून उठलेच. "म्हणजे बोकड बेकसूर?"

"बोकडही आणि तुम्हीही. म्हणून पातेलं रिकामं करू नका हं! मटण बेताने खा. तीळ, शेंगदाणे, जवस, कच्चं तेल बंद. तिसऱ्यांसारखे शिंपले, कोलंबीसुद्धा नको, त्यांच्यातही असेच चुलतभाऊ असतात. ही गोळी रोज घ्या."

तिसऱ्यांचं नाव ऐकून एरवी त्यांनी हंबरडा फोडला असता. आज कानांवरून वारं गेलं. रिक्षात बसल्या बसल्या त्यांनी अंजूरच्या मोरू रिक्षावाल्याला सगळं लिव्हर समजावून सांगितलं. मोरूला काडीचं कळलं नाही, पण तोही खिदळायला लागला. वाटेत पाव किलो मटण घेतलं. खाटकाला म्हणाले, "तुझा बोकड छूट गया रे!" जिना चढताना तर पोराटोरांसारखी शीळ घातली. आज सईदाला तोंड लपवायला जागा ठेवायची नाही, असं भाषणच त्यांनी जुळवलं होतं.

आणि त्यांनी ते ठोकलंही, हातवारे करून, चुलतभावासकट.

सईदा आधी हसली. मग तिची नजर पाट्याकडे गेली. चटणी वाटून वाटून तिच्या तळहाताला घट्टे पडले होते.

"म्हंजे मीच तुमाला रोज..." तिचे डोळे डबडबले. "आन् वर तुमालाच चोर बोलली."

जिंकल्याचा हा असला आनंद इद्रीसभाईंना नको होता.

"तसा मी बी काय धुतल्या तांदळासारखा न्हाय," ते पुटपुटले.

"म्हंजे?"

"शेजारच्या यहयाच्या शादीत, वलिम्याच्या दावतीला... बिर्याणी खाल्ली. दोन प्लेट."

सईदाने पदराने नाक पुसलं. बघता बघता तिचा चेहरा उजळला.

"मला म्हाईतच होता! तरी वाटला, हा माणूस हात धुवाला येवढा टाइम का लावतो! नल्लीबी चोखली आसंल!"

"चोखली," इद्रीसभाई मान खाली घालून म्हणाले.

"तोबा, तोबा! आन् वर अल्लाची शप्पत!" ती कडाडली आणि त्यांच्या हातून मटणाची पिशवी हिसकावून घेऊन, गुणगुणत, कांदा चिरायला बसली.

यहयाच्या वलिम्यात इद्रीसभाईंनी सगळा वेळ काकडी चावत काढला होता. हे त्यांनी जन्मात कुणाला सांगितलं नाही.