कणसांचा मान

"मोठे बाय, टोपली दे माझ्याकडं. पायऱ्या निसरड्या हायेत."

चंदनानं, माझ्या धाकट्या जावेनं, हात पुढे केला. मी टोपली डोक्यावर आणखी घट्ट धरली. "तुझे हात अंगणवाडीतली खिचडी ढवळायला ठेव," म्हटलं. मागच्या बाया हसल्या. तिला हसल्या की मला, ते कळलं नाही.

नवी नागली पिकली की पहिली कणसं गडावरच्या पाण्याच्या टाक्याला दाखवायची, मगच पाड्यात तिची भाकरी भाजायची. कणसं न्यायचा मान आमच्या घरच्या थोरल्या सुनेचा. एकवीस वर्षं माझा. टाक्यापाशी एकटीनंच जायचं, म्हणून तिथली रीत दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही.

शेवटच्या पायऱ्यांवर गुडघ्यानं दगा दिला. मटकन बसले. कणसं सांडली नाहीत, एवढीच अब्रू राहिली.

"आता कसं?" बायांमधली सोमी म्हणाली, आणि सगळ्यांचे डोळे चंदनाकडे गेले. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. पाड्यात बाळंतपण असो की भांडण, हल्ली पहिली हाक तिलाच. आता हेही तिलाच.

टोपली दिली. रीत मात्र सांगितली नाही. जा म्हटलं, शहाणी आहेस ना!

हरणासारखी वर गेली. टाक्याच्या काठावर थांबली. इकडे वळली, तिकडे वळली. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

"मोठे बाय," तिनं वरून हाक मारली, "मला नाय येत गं! कसं करू?"

सगळ्या बायांसमोर म्हणाली. मला जन्मात म्हणता आलं नसतं.

मी गुडघा चोळत बसले. सोमीनं कोपरानं ढोसलं. तरी आणखी थोडा चोळला. मग कातळाला धरून उठले.

"उगवतीला तोंड कर! आधी कणसांवर ओंजळभर पाणी, मग टाक्यात पाच दाणे! आणि पदर घे डोक्यावर, मोखाड्याच्या बाजारात आलीस का?"

तिनं तसंच केलं. माझ्यापेक्षा नीट केलं.

खाली आली तशा बाया एकेक करून तिच्या पाया पडल्या. कणसं दाखवून येणारीच्या सगळ्याच पडतात, वय बघत नाहीत. माझी पाळी आली, तर तिनं पाय मागे घेतले.

"तू नको, मोठे बाय."

"पुढं कर पाय," मी म्हटलं. "रीत मोडतेस?"

वाकताना गुडघा कडकन वाजला. तिच्या टाचांना टाक्याकाठची ओली माती लागली होती.