तेहतिसावा दात

आमच्या धाकट्याला दातांच्या डॉक्टरणीचं वेड लागलं, आणि मेल्याला सापडली ती नेमकी रस्त्यापलीकडची! पलीकडे त्यांचा धर्म, अलीकडे आमचा, मधे फाटक. दंगलीपासून ते ओलांडायचं फक्त आजारपणात, तेही काकांची चिठ्ठी घेऊन. काका म्हणजे आमचे सख्खे काका, धर्मसमितीचे अध्यक्ष.

उपटलेला दात परत आणायचा, हा काकांचाच नियम. आपल्या माणसाचं हाड पलीकडच्या मातीत राहता कामा नये! काका तो दात स्वतः धुणार, प्रार्थना म्हणणार आणि आपल्या प्रार्थनाघराच्या अंगणात पुरणार.

धाकटा दर सोमवारी गालाला फडकं बांधून जायचा, एक दात घेऊन यायचा. मग ओठ मिटून नुसतं हुं हुं. घरात आम्ही दोघं भावंडंच. मी शिलाई मशीन सोडून उठायची, त्याच्यासाठी भात कुस्करायची, भाजी घोटायची. "अरे, एका बाईपायी बत्तिशी घालवशील!" म्हणून त्याला झापायची आणि पाठ फिरवून रडायची. तिशी उलटली नाही आणि तोंडाचं बोळकं!

तेहतिसाव्या सोमवारीही तो दात घेऊन आला. काकांनी वही पाहिली. पुन्हा पाहिली.

"बत्तीस तर मी पुरलेत. हा कुठला? आ कर."

धाकट्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग आ केला. बत्तीसच्या बत्तीस, पांढरेशुभ्र! इतका आनंद झाला मला, की त्याच्या एक थोबाडीत ठेवून द्यावीशी वाटली.

"मग ते कुणाचे?" काकांनी विचारलं.

"तिच्या पेशंटांचे. बरणी भरलीय तिच्याकडे. मी यावं म्हणून तीच एकेक काढून द्यायची." धाकट्याचे डोळे भरले. "काय करू, काका? तिला पाहिल्याशिवाय आठवडा सरत नाही माझा."

काकांनी दार लावून घेतलं. आपल्या अंगणात, आपल्याच हातांनी, प्रार्थना म्हणून पुरलेली पलीकडच्यांची बत्तीस हाडं! बाहेर कळलं असतं तर समितीने काकांनाच हाकललं असतं.

"खबरदार," ते कुजबुजले, "या गल्लीत पुन्हा तोंड उघडलंस तर!"

"मग तो जेवेल कुठे?" मी विचारलं.

काकांनी चिठ्ठ्यांचं पुस्तक ओढलं आणि आजाराच्या रकान्यात लिहिलं, 'कायमचा'.

आता धाकटा दोन्ही वेळा पलीकडेच जेवतो, चांगला कडाकडा चावून. मला मात्र आठ महिन्यांची सवय. एकटीच्या ताटातला भातसुद्धा कुस्करून ठेवते.