गाडी मी हाकणार

“मग मी आजच घेऊन जातो घोडीला,” ग्विन म्हणाला आणि त्याने चहाचा मग टेबलावर ठेवला. “आठवडाभर माझ्या कुरणात राहिली की तिकडच्या हवेची सवय होईल. शनिवारी शर्यत. आणि त्यानंतर, ठरल्याप्रमाणे, माझ्याकडेच.”

अर्चना सिंकपाशी उभी होती. तिने नळ बंद केला.

“काय ठरल्याप्रमाणे?” तिने इंग्रजीत विचारले.

ग्विनने अवधूतकडे पाहिले. अवधूत खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता. फेब्रुवारीत पक्षाघाताचा झटका आल्यापासून त्याचा उजवा हात मांडीवर नुसता पडून असे, आणि शब्द एकेक करून, मोठ्या कष्टाने बाहेर येत. तो बागेकडे बघत राहिला.

“अवीने सांगितलं नाही तुला?” ग्विन अवघडला. वेल्समधला हा मेंढ्या पाळणारा शेतकरी. शर्यतीची घोडागाडी हाकण्यात त्या भागात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. “शर्यत झाली की मिरची मी घेणार. शिंगरं होतील तिला. सुखात राहील ती माझ्याकडे.”

अर्चना नवऱ्याकडे वळली. “अहो, खरं आहे हे?”

“हो.”

“मला कधी सांगणार होतात?”

अवधूतने डावा हात जरासा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. त्याचा अर्थ काहीही होऊ शकत होता.

अर्चनाने नॅपकिनला हात पुसले. “सॉरी, ग्विन,” ती म्हणाली. “तुला उगाच हेलपाटा पडला. मिरची कुठेही जाणार नाही. शनिवारी मीच तिला घेऊन येईन. आणि गाडी मी हाकणार.”

अवधूतने टेबलावर डावी मूठ आपटली. बशीतला चमचा वाजला.

“नाही,” तो म्हणाला.

“ऐकलं,” अर्चना म्हणाली. “माझंही तुम्ही ऐकलंत. झालं तर.”

ग्विन रिकामा ट्रेलर घेऊन वेल्सला परत गेला.

अवधूत मूळचा मिरजेचा. त्याच्या वडिलांचा स्टेशनवर टांगा होता, आणि जत्रेतल्या टांग्यांच्या शर्यती पाहत तो मोठा झाला होता. इंग्लंडमध्ये लेस्टरला येऊन होजिअरीच्या कारखान्यात मेकॅनिक झाला, तेव्हा घोडे मागे राहिले असे त्याला वाटले होते. मग एकदा सुट्टीत वेल्सला गेले असताना गवताच्या मैदानावर त्याने ट्रॉटिंगची शर्यत पाहिली. घोड्यामागे दोन चाकांची हलकी गाडी, तिच्यावर पाय पुढे ताणून बसलेला माणूस, आणि नियम एकच: घोड्याने दुडक्या चालीनेच पळायचे. चौखूर उधळला की लगाम खेचून त्याला पुन्हा दुडकीवर आणायचे. तोवर बाकीचे पुढे निघून जातात. अवधूत कुंपणाला धरून उभा होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होते. पस्तिशीतल्या नवऱ्याला रडताना अर्चनाने तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

त्यानंतर लेस्टरबाहेरच्या एका शेतकऱ्याचे कुरण भाड्याने घेतले गेले. आधी एक म्हातारी घोडी आली, आणि तिच्या पोटी मिरची झाली. कागदोपत्री तिचे नाव ‘बेल्ग्रेव्ह मिरची’, लेस्टरमधल्या बेल्ग्रेव्ह वस्तीवरून. ती जन्मली तेव्हा अवधूत रात्रपाळीला होता. शिंगराचे अडकलेले पाय धरून ओढले ते अर्चनाने. पुढे तिला चाल शिकवली तीही अर्चनानेच, कारण पहाटे अवधूत कामावरून येऊन झोपलेला असे. ती हॉस्पिटलमध्ये रोग्यांचे रक्त काढायचे काम करी. ड्यूटीवर जाण्याआधी रोज कुरणाच्या कडेकडेने मिरचीला गाडीला जुंपून फिरवून आणी. त्यासाठी लायसन्स लागते म्हणून तिने तेही काढले होते. लायसन्सबरोबर स्वतःच्या रंगाचे जॅकेट शिवून घ्यावे लागते. तिने वांगी रंगाचे, पिवळ्या बाह्यांचे शिवून घेतले होते. ते कपाटातच राहिले. शर्यतीच्या दिवशी गाडीवर अवधूत बसे आणि अर्चना बादली धरून उभी असे. त्याचे तिला कधी वाईट वाटले नव्हते, किंवा वाटले असले तरी तिने ते निरखून पाहिले नव्हते.

शनिवारची, वेल्समधल्या ग्लिन्वेनची शर्यत मात्र वेगळी होती. दरवर्षी ऑगस्टमध्ये फ्रान्स, स्वीडन, आयर्लंडहून घोडे यायचे. आमंत्रणाशिवाय प्रवेश नाही. मिरचीला ते यंदा पहिल्यांदाच मिळाले होते, आणि शेवटचेच. दहा वर्षांवरच्या घोड्याला तिथे घेत नसत आणि मिरची दहाची झाली होती.

गुरुवारी लंडनजवळच्या हॅरोहून त्यांचा मुलगा साकेत आला. वडिलांनी त्याला फोनवर एकच शब्द सांगितला होता, “ये.” तो एका अकाउंटन्सी फर्ममध्ये होता आणि लेस्टरमध्येच जन्मला होता.

“आई, हे सेफ नाही,” तो म्हणाला. “तू फिफ्टी-टू आहे. तू पडला तर?”

“पडलीस तर.”

“व्हॉट?”

“तू पडलीस तर, असं म्हणायचं. पडले तर उठेन.”

“आय ॲम सिरियस. ग्विन बेटर आहे. यू नो दॅट.”

“आहेच. माझ्यापेक्षा खूप चांगला आहे.”

“मग का?”

अर्चना भेंडी चिरत होती.

“तुझे बाबा हॉस्पिटलमध्ये होते ना, तेव्हा मी रोज वाट बघायचे, हे बोलायला लागतील कधी. लागले. आणि मला न विचारता घोडी देऊन टाकली. वाईट मनानं नाही, ते कळतं मला. आपल्या हातून गाडी सुटली, तर निदान चांगल्या हातात जावी. पण मीही आहे ना इथे? इतकी वर्षं आहे. ते मला कुणाला सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं. लागतंय, तर गाडीत बसून सांगते.”

शनिवारी लॉरी मी चालवतो, एवढे साकेत म्हणाला.

शुक्रवारी ती हॉलमध्ये लगाम पुसत बसली होती तेव्हा अवधूत काठी टेकत समोर येऊन उभा राहिला.

“हसं,” तो म्हणाला. “हसं... होईल.”

“कुणाचं?”

त्याने डावा हात स्वतःच्या छातीवर ठेवला.

“मग तुम्ही येऊ नका,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “शेजारच्या रेखाला सांगते, दुपारचं जेवण आणून देईल.”

“जिंकायला... हवी ती. शेवटचं... आहे.”

“मलाही ती जिंकायला हवीय. पण माझ्या हातून.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरचीला लॉरीत चढवायला म्हणून अर्चना आणि साकेत घरातून निघाले, तेव्हा अवधूत आधीच लॉरीत पुढच्या सीटवर जाऊन बसला होता. पट्टा त्याला एका हाताने लावता आला नव्हता. साकेतने तो लावला.

ग्लिन्वेनचे मैदान दरीच्या तळाशी होते, दोन्ही बाजूंना मेंढ्यांनी भरलेले डोंगर. रात्री पाऊस पडून गेला होता. तंबूत नावे तपासणारे गृहस्थ अदबशीर होते. त्यांनी अर्चनाकडे पाहिले, मग तिच्या वांगी जॅकेटकडे. जॅकेटला अजून डांबरगोळ्यांचा वास येत होता.

“ग्विन आज रिकामाच आहे,” ते म्हणाले. “ड्रायव्हर बदलायचा असेल तर अजून वेळ आहे. कोणी काही म्हणणार नाही.”

“थँक यू,” अर्चना म्हणाली. “बदलायचा नाही.”

“इथले ड्रायव्हर जरा रांगडे असतात.”

“शनिवारी रात्री कॅज्युअल्टीत आलेल्या माणसांचं रक्त मी काढलंय,” ती म्हणाली.

ते हसले आणि त्यांनी तिचा नंबर पुढे सरकवला.

आठ घोडे होते. लाउडस्पीकरवाल्याने मिरचीचे नाव ‘मर्ची’ करून टाकले. दोन्ही बाजूंना फाटकासारखे लांब पंख लावलेली एक मोटार मैदानात पुढे चालू लागली आणि घोडे तिच्यामागे रांगेत येऊ लागले. मोटारीने वेग धरला, पंख मिटले, बाजूला झाली, आणि शर्यत सुटली.

पहिल्या फेरीत अर्चनाला काही दिसलेच नाही. पुढच्या चाकांचा चिखल गॉगलवर, तोंडात, दातांवर. कुणीतरी डावीकडून ओरडून आत घुसले. तिने जागा दिली. मिरचीची चाल मात्र तिला लगामातून कळत होती, रोज पहाटे कळे तशीच. चारही पाय एका तालात पडत होते. ती सहावी होती. तिला भीती वाटत नव्हती याचे तिलाच नवल वाटले.

दुसऱ्या फेरीत, दूरच्या सरळ बाजूला, समोरचे दोन घोडे एकमेकांपासून जरासे फाकले आणि मधून मोकळे गवत दिसले. थांबायला हवे होते. वळण यायचे होते, घोडीचा दम राखायला हवा होता. पण ते हिरवे मोकळे मैदान समोर पडले होते आणि अर्चनाने लगाम सैल सोडले.

मिरची गेली. पाचवा मागे पडला, चौथा मागे पडला. आयरिश घोड्याच्या नाकपुड्या तिच्या खांद्याशी आल्या आणि मागे गेल्या. फ्रेंच ड्रायव्हरने मान वळवून पाहिले. आता पुढे एकटा स्वीडनचा काळा घोडा होता. कुंपणापाशी लोक ओरडत होते. कुणासाठी ते कळत नव्हते. आपण मोठ्याने हसतो आहोत हे तिला दातांना लागलेल्या गार वाऱ्यावरून कळले.

वळणाच्या मध्यावर ताल चुकला. मिरचीची पाठ वर उचलली गेली आणि ती चौखूर उधळली.

“हळू, बाई, हळू,” अर्चना म्हणत होती. तिने तिला बाहेरच्या बाजूला काढले, अंग मागे टाकून लगाम ओढले. खांद्यांतून कळ निघाली. फ्रेंच गेला, आयरिश गेला, सगळेच गेले. मिरची थरथरली, दोन ढांगा आणखी उधळली आणि मग दुडकीवर आली. तिथेच कुंपणात एक फट होती. शर्यत हातची गेली की ड्रायव्हर तिथून मुकाट्याने बाहेर पडत. त्यात कमीपणा नव्हता.

अर्चना फटीवरून पुढे गेली. तिने मिरचीला पुन्हा वेगात आणले, थकलेल्या एका घोड्याला गाठले, मागे टाकले आणि शेवटच्या खांबापर्यंत ताठ बसून गाडी नेली. आठांत सातवी.

साकेत धावत आला आणि त्याने मिरचीच्या तोंडाशी धरले. त्याच्यामागून ग्विन आला. त्याने अर्चनाला उतरायला हात दिला आणि तिने तो घेतला.

“हार्ड लक,” ग्विन म्हणाला. “असं कुणाचंही होतं.”

“तुझं झालं नसतं,” अर्चना म्हणाली. “चूक माझी होती.”

ग्विन चांगला माणूस होता. तो खोटे बोलला नाही. “मग सोमवारी ट्रेलर पाठवू?” त्याने हलकेच विचारले.

“नको. ती लेस्टरलाच राहील.”

ग्विनने तिच्या खांद्यावरून मागे पाहिले. अवधूत चिखलातून, काठी रुतवत आणि उपसत, तिथपर्यंत आला होता. तो धापा टाकत होता. त्याने ग्विनकडे पाहिले नाही. मिरचीच्या घामेजल्या मानेवर डावा हात ठेवला आणि अर्चनाकडे बघितले. शब्द जुळवायला त्याला वेळ लागला. कोणी घाई केली नाही.

“लवकर... सोडलीस,” तो म्हणाला.

“हो.”

“वळण... संपेपर्यंत... धरायची.”

“माहीत होतं. समोर मोकळं दिसलं आणि राहवलं नाही.”

अवधूतच्या तोंडाची डावी बाजू हलली. “मलाही,” तो म्हणाला. “कधी... राहवलं नाही.”

ग्विनला मराठी कळत नव्हते. त्याने साकेतकडे पाहिले. “काय म्हणतोय?”

“ही सेज शी वेंट टू अर्ली,” साकेत म्हणाला.

ग्विन जरा वेळ उभा राहिला. घोडीबद्दल अवधूत काही बोलेल असे त्याला वाटत असावे. अवधूत काही बोलला नाही.

“वेल, शी डिड,” ग्विन म्हणाला. त्याने अवधूतचा डावा हात हातात घेऊन दाबला, अर्चनाला टोपी किंचित उचलून दाखवली आणि तो तंबूकडे निघून गेला. बक्षिसासाठी काळ्या घोड्याला तिकडे नेत होते. लोक त्याच्यामागे चालले होते. अर्चनाने बादली आणली आणि मिरचीच्या पायांवरचा चिखल धुवायला घेतला. ग्लिन्वेन आता पुन्हा नव्हते. ते तिला तेव्हा, ओल्या पायांवरून हात फिरवताना, नीट कळले, आणि ती थोडा वेळ खाली वाकूनच राहिली.

सोमवारी पहाटे ती उठली तेव्हा तिला हात खांद्याच्या वर नेता येत नव्हते. बोटांना लगामाचे फोड आले होते. साकेत आदल्या दिवशीच हॅरोला परतला होता. मिरचीकडे कुरणावर जायला तिने अंधारातच कपडे चढवले आणि ती खाली आली.

शेवटच्या पायरीवर अवधूत बसला होता. अंगात कोट होता. पायांत बूट होते. नाड्या बांधता न आल्यामुळे त्याने त्या बुटांच्या आत खुपसून टाकल्या होत्या.

ती नाड्या बांधायला खाली वाकू लागली. त्याने नकारार्थी मान हलवली.

अर्चना सरळ उभी राहिली. तिने मोटारीची किल्ली घेतली, दार उघडले आणि ते धरून थांबली. बाहेर उजाडत होते. तो कठड्याला धरून उठला. आधी काठी उंबऱ्यापलीकडे, मग डावा पाय, मग बऱ्याच वेळाने उजवा. तिने हात पुढे केला नाही.